बाईंचं खटक्यांचं मशीन

आमच्या घराच्या मागच्या खोलीत कपडे धुण्याची जुनी मशिनं आहेत. भिंतीला पाठ लावून उभी, मध्ये जेमतेम हात जाईल एवढी जागा सोडून. एक गोल पिंपासारखं आहे, त्याच्या डोक्यावर दोन रबरी रूळ आणि त्यांना एक दांडा. कपडा रुळांमधून घालायचा आणि दांडा फिरवून पिळून काढायचा. ते इथल्या मुरार छावणीतल्या एका रिटायर फौजी अधिकाऱ्याच्या बंगल्यातून आलं. बाकीची बहुतेक दोन टाक्यांची. डावीकडे धुवायचं, मग कपडे उचलून उजवीकडे टाकायचे, ते गरगर फिरून पाणी काढतं. त्या उजव्या टाकीला इकडे सगळे ड्रायर म्हणतात. भंगारवाले आता थेट आमच्या दाराशी ठेला थांबवतात. "भाभी, माल देख लो, बाद में मत कहना कि बताया नहीं." गल्लीत मला मशीनवाली भाभी म्हणतात. त्यात थोडी थट्टा असते, ते मला कळतं.

एवढ्या जुन्या मशिनांचं करणार काय, असं लोक विचारतात. काही दुरुस्त करून विकते, काही ठेवते. का ठेवते ते नीट सांगता येत नाही. मी नववीत शाळा सोडली, नीट सांगता येणं बहुतेक तिथेच राहून गेलं. म्हणून लिहायला बसले तेव्हा ठरवलं, एकाच मशीनबद्दल लिहायचं. ते या खोलीत नाही.

मी साताऱ्याकडची. लग्न होऊन ग्वाल्हेरला निघाले तेव्हा गाडीत इतका वेळ बसले की आता पुढे देश उरला असेल की नाही, असं वाटायला लागलं. इथे मराठी घरं पुष्कळ. शिंद्यांच्या फौजेबरोबर आलेली माणसं, तलवारी गेल्या आणि मग ज्याला जे जमलं ते तो करायला लागला. या घरांत सून अजूनही कधीकधी देशावरून आणतात. म्हणजे मुलगी मराठी धड बोलणारी असावी, घरातली मराठी थोडी ताजी व्हावी. माझ्या नवऱ्याचं टोपी बाजारात एका दुकानाच्या मागच्या बाजूला वाइंडिंगचं काम. पंखे, मोटारी, मिक्सर, जे जळेल ते. त्याची मराठी ऐकून मला पहिल्या आठवड्यात रडू आलं होतं. "तू नहाऊन घे, मग आपण चाय पिऊ," असं तो म्हणायचा आणि मला वाटायचं, हा माझ्याशी परक्यासारखा का बोलतोय. तो तसा बोलत नव्हता. त्याची मराठीच तशी होती.

शिंदे की छावनी नावाच्या मोहल्ल्यात आम्ही एका घराची पुढची खोली भाड्याने घेतली. मागच्या दोन खोल्यांत घराच्या मालकीणबाई एकट्या राहत. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या पणजोबांनी दरबारात लिखापढी केली, आजोबांनी केली, वडिलांच्या वेळी दरबारच राहिला नाही. लग्न त्यांनी केलं नव्हतं. भाऊ नोकरीसाठी भोपाळला गेला तो तिकडचाच झाला. सगळे त्यांना बाई म्हणत, मीही बाई म्हणायला लागले.

पहिल्या थंडीत माझे हात फुटले. गावी विहिरीचं पाणी सकाळी ऊन लागायचं. इथे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी जानेवारीत असं उतरायचं की बोटं आहेत की नाहीत ते बघून खात्री करावी लागे. एक दिवस बाईंनी दोरीवर वाळत घातलेली माझी चादर हातात धरली. पांढऱ्या चादरीवर लाल ठिपके होते. त्यांनी माझा हात उलटा करून बघितला.

"हे कधीपासून?"

"पौषापासून असेल."

"आणि गप्प बसलीस. माझ्याकडे मशीन आहे. बंद पडलंय, पण तुझा नवरा मोटारी बांधतो ना? सांग त्याला."

नवरा आज बघतो, उद्या बघतो करत राहिला. मग एका दुपारी मीच मशीनची पाठ उघडली. आतला पट्टा चाकावरून उतरला होता, बाकी काही नाही. पण मला त्या वेळी वाटलं की कुणाचं तरी पोट उघडून बसलेय आणि आता ते पुन्हा शिवता येणार नाही. पट्टा चढवला, पाठ लावली, बटण फिरवलं. आतलं पाणी गोल फिरायला लागलं. बाई दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आता तुझे कपडे आधी टाक."

दर सोमवारी मी आमचे कपडे त्यांच्या मशीनमध्ये धुवायचे आणि त्या शेजारी स्टूल घेऊन बसायच्या. मशीन फिरेपर्यंत मला वर्तमानपत्राचं एक पान मोठ्याने वाचायला लावायच्या. शाळा का सोडली, हे त्यांनी कधी विचारलं नाही. चुकलं की नुसतं बोट उचलायच्या, मी परत वाचायचे. त्या काळात या शहरात मला न घाबरता जाता यावं अशी तेवढीच एक जागा होती. त्यांचं ऋण मी हे असं मोजून सांगू शकत नाही. फक्त एवढं खरं, की त्या स्टुलाशेजारी मी माणसांत आले.

पुढे आम्ही तीन-चार गल्ल्या सोडून आमचं घर केलं. बाईंचं ते मशीन तळाशी सडून भंगारात गेलं. तेव्हा मला ठेवायचं सुचलं नाही. मग ज्या दिवशी भंगाराच्या ठेल्यावर त्याच्यासारखं दोन टाक्यांचं एक दिसलं, त्या दिवशी मी ते घरी आणलं, आणि खोली भरायला लागली.

बाईंचे डोळे काचबिंदूने गेले. एकदम नाही. आधी कडा गेल्या, मग मधलंही पुसट होत गेलं. भोपाळचा भाचा चांगला माणूस आहे, हे मी आधीच सांगते. त्याने आत्यासाठी नवीन ऑटोमॅटिक मशीन आणून बसवलं. वरून काच, काचेखाली दिवे, बटणं म्हणून नाहीत, नुसतं बोट टेकवायचं. बाई मला म्हणाल्या, "अगं, याला हात लावला की हे हो म्हणतंय की नाही म्हणतंय, काही कळत नाही. भिंतीला हात लावल्यासारखं."

दिवाळीच्या आधी एकदा त्यांचं बोट कुठेतरी टेकलं आणि झाकण आतून लॉक झालं. कपडे आत, पाणी आत. त्या दुपारभर शेजारी बसून राहिल्या. शेवटी उलथणं घेऊन झाकण उचकटायला गेल्या आणि तळहात फाडून घेतला. शेजारणीने भोपाळला फोन लावला. भाचा दुसऱ्या दिवशी आला, पट्टी बघितली आणि म्हणाला, "आत्या, बस झालं. संक्रांतीनंतर तू माझ्याकडे."

तो गेल्यावर मी त्यांच्याकडे गेले. त्या अंथरुणाच्या काठावर सरळ बसल्या होत्या, शाळेत बसत असतील तशा.

"तुमच्यासाठी मी धुवेन की बाई. मी रोज येईन," मी म्हटलं.

"नाही."

"मग कामवाली धुवेल. ती झाडायला येतेच आहे."

"तू ऐक. स्वयंपाक मी डोळे मिटूनही करते. झाडलोट कुणी केली तर मला वाईट नाही वाटत. पण म्हातारपणी कपड्यांना काय काय लागतं, ते तुला अजून माहीत नाही. ते दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही मला. तुझ्यासुद्धा नाही. भोपाळला त्याची बायको धुवेल, तोंडाने काही बोलणार नाही, गुणाची आहे. पण बघेल तर खरी."

मी म्हटलं, जुन्या मशीनला खटके होते. फिरवलं की हाताला कळायचं. तसं एक शोधून तयार केलं तर?

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. फोनवर भाच्याशी त्यांचं काय बोलणं झालं ते मला पूर्ण माहीत नाही. ठरलं ते असं, की तो संक्रांतीऐवजी फेब्रुवारीत येईल. बाईंनी त्याच्या डोळ्यांदेखत, कुणाच्या मदतीशिवाय, कपडे धुऊन वाळत घातले तर त्या इथेच राहतील. नाही जमलं, तर त्याच दिवशी त्याच्याबरोबर निघतील.

घरी येऊन मी खोलीतली सगळी मशिनं हात लावून बघितली. एकातही बाईंच्या हाताला ओळखीची मांडणी नव्हती. त्यांच्या जुन्या मशीनवर डाव्या टोकाला धुण्याचा टायमर होता, मध्ये पाणी सोडायचं बटण, उजवीकडे ड्रायरचा टायमर. तिन्ही कडक, स्प्रिंगचे, फिरवले की किर्रकिर्र मागे येणारे. तसंच शेवटी थाटीपुरला एका सरकारी क्वार्टरमध्ये मिळालं. तिथे ते व्हरांड्यात होतं आणि त्यात गहू भरला होता.

"इसमें तो हमारा गेहूँ है. गेहूँ कहाँ रखूँ?" घरातली बाई म्हणाली.

मी दुसऱ्या दिवशी एक नवी पत्र्याची कोठी रिक्षात घालून नेली आणि मशीन घेऊन आले. त्यानंतर कितीतरी दिवस त्याच्या पाणी जायच्या नळीतून गव्हाचे दाणे पडत होते. धुवायला घेतलं की दोन दाणे. नवरा म्हणायचा, "एखादी बोरी तर निघूनच जाईल, पीठ दळून घे."

मी ते पूर्ण सुटं केलं. तळ गंजला होता, तो खरवडून पॉलिशपेपर मारला, लाल प्रायमर दिला, वर रंग. ड्रायरच्या खालचं रबर सील फाटलेलं होतं, ते बदललं. ड्रायरच्या मोटारीचे बुश, म्हणजे दांडा ज्यांत फिरतो त्या कड्या, इतके झिजले होते की टाकी फिरताना दळण दळल्यासारखी वाजायची. नवऱ्याने टोपी बाजारातून नवे बुश आणले, मोटारीला परत तार भरून दिली. ड्रायरचं झाकण उघडलं की करंट तुटतो आणि एक वायर ब्रेक लावते. ती वायर सुटलेली होती, ती दुसऱ्या मशीनची काढून लावली. अर्थिंगची वायर मी तीनदा तपासली. झोपायला जाताना परत एकदा. ओल्या हाताची म्हातारी बाई आणि पत्र्याचं मशीन, हे डोळ्यांसमोर आलं की मी अंथरुणातून उठून परत बघायचे.

टायमरभोवती जिथे आकडे होते तिथे कानशीने खाचा पाडल्या. बोट फिरवलं की कळावं.

मशीन तयार झालं आणि मला फार आनंद झाला. ड्रायर इतका छान फिरत होता की चालू आहे हे त्यावर हात ठेवल्याशिवाय कळू नये. माझ्या सगळ्या मशिनांत तसं एकही नव्हतं. नवऱ्याने कान लावून बघितलं आणि म्हणाला, "याला तर माखन लागलेलं आहे." त्याच्या तोंडून एवढी तारीफ म्हणजे खूप.

मशीन बाईंकडे पोचवायच्या आधी मी एकदा डोळ्यांना टॉवेल बांधून ते चालवून बघायचं ठरवलं. नवरा जेवायला आला तर मी स्वयंपाकघराच्या दारात टॉवेल बांधून उभी.

"हे काय करून राहिली? आंधळी कोशिंबीर?"

"बाईंना कसं वाटेल ते बघते."

"जेवण दे आधी, मग बघ. पडलीस तर मलाच उचलावं लागेल."

धुणं नीट झालं. खाचा लागत होत्या, पाणी बोटांच्या पेरांनी मोजता येत होतं. कपडे उजवीकडे टाकले, झाकण लावलं, टायमर फिरवला. किर्रकिर्र चालली, मग खट्ट झालं आणि सगळं शांत. मी झाकण उचललं आणि आत हात घातला.

टाकी फिरत होती. पूर्ण वेगाने नसेल, पण फिरत होती. मधल्या बोटाचं नख कडेवर आपटलं आणि मी टॉवेल ओढून काढला. झाकण उघडल्यावर ब्रेक लागून टाकी थांबली, पण जेवढा वेळ लागला तेवढ्यात माझा हात आत जाऊन आला होता. नख दुसऱ्या दिवशी काळंनिळं झालं. ते गळून नवं यायला उन्हाळा उजाडला.

नवरा हात पाण्याखाली धरत होता आणि मी विचार करत होते. टायमर संपला की मोटर बंद होते, पण टाकी आपल्या जोराने आणखी थोडा वेळ फिरत राहते. जुन्या, झिजलेल्या बुशमध्ये ती घरघरत फिरते आणि माणूस आपोआप थांबतो. मी तिची घरघर काढून टाकली होती. डोळे असलेल्याला ते छान. बाईंना ते मशीन थांबलेलं आणि फिरणारं, दोन्ही सारखंच वाटलं असतं.

मी इतकी घाबरले की दोन दिवस मशीनला हात लावला नाही. बाईंना फोन करून सांगावं, मला नाही जमत, तुम्ही भोपाळला जा, तिथे तुम्हाला जपतील, असं मनात आलं. त्यांच्यावरच्या मायेपोटी मी त्यांचा हात मोडायला निघालेय की काय, हाच विचार. देवापुढे दिवा लावताना काळं नख दिसायचं.

तिसऱ्या दिवशी नवरा जेवताना म्हणाला, "ते आवाज नाही म्हणूनच तर झालं ना? मग आवाज लाव त्याला. लहानपणी आम्ही सायकलच्या चाकात पुठ्ठा नव्हतो अडकवत?"

मी आधी बादलीच्या प्लास्टिकची पट्टी लावली. ड्रायरच्या खाली मोटारीला जोडणारा जो लोखंडी भाग टाकीबरोबर फिरतो, त्याच्या एका बोल्टला ती प्रत्येक फेरीला घासावी अशी. ती पहिल्याच दिवशी तुटली. मग जुन्या पट्ट्याचा तुकडा कापून लावला. जोरात फिरताना तो भुंग्यासारखा गुणगुणायचा, मोटर बंद झाली की टकटक व्हायची, आधी भरभर, मग सावकाश, मग एक टक, जरा वेळाने शेवटची एक, आणि मग काही नाही. टॉवेल बांधून मी ते इतक्यांदा ऐकलं की झोपेतही ऐकू यायला लागलं.

माखन लावलेल्या मशीनला मीच आवाज लावला, याचं मला सुरुवातीला वाईट वाटलं. खोलीत त्याच्यासारखं दुसरं कुठलं नव्हतं.

बाईंनी पहिल्या दिवशी दोन्ही हातांनी मशीन सगळीकडून चाचपलं. खाचांवर बोट थांबलं.

"हे तू कोरलंस?"

"कानशीने."

"तीन आणि चारच्या मध्ये अंतर जास्त झालंय," त्या म्हणाल्या. आणि मग बराच वेळ त्यांचं बोट तिथेच होतं.

मी त्यांना आवाज ऐकवला. शेवटची टक झाल्यावर मनात पाच म्हणायचं, मग झाकण, परत पाच, मग हात. त्या विद्यार्थिनीसारख्या ऐकत होत्या. मी मास्तरीण झाले होते आणि मला ते नको होतं.

फेब्रुवारीत भाचा सकाळच्या गाडीने आला. अंगात पांढरा शर्ट, हातात एकच पिशवी. बाईंची पिशवीही दाराजवळ भरून ठेवलेली होती, ती त्यांनी स्वतः भरली होती. माझ्या आधी त्याने ती बघितली. चहा झाला. तो मशीनभोवती एक चक्कर मारून आला आणि माझ्याकडे वळला.

"ताई, तुम्हीच बनवलंय ना हे? मग तुम्हीच सांगा. सेफ आहे?"

मला हो म्हणायचं होतं. सकाळपासून मी तेच पाठ करून आले होते. बाई त्यांच्या खुर्चीवर होत्या, मान माझ्याकडे. पण त्याने विचारलं ते हुज्जत घालायला नव्हतं. त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि तो रात्रभर गाडीत जागा असावा.

मी हात पुढे केला. नख दाखवलं.

"पूर्ण नाही. घाई केली तर लागतं. मला लागलं, डोळे बांधून बघत होते तेव्हा. त्यानंतर मी आवाज लावलाय, म्हणजे कळतं. पण आवाज ऐकावा लागतो."

तो नखाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आत्या, ऐकलंस? आता ज़िद नको करू. उद्या तुला काही झालं तर लोक मला विचारतील, तू कुठे होतास."

"लोक विचारतील खरं," बाई म्हणाल्या. "तिचं सांगून झालं. आता माझं बघ. तुझा शर्ट काढ."

"काय?"

"गाडीतून आलास ना? मळला असेल. काढ आणि दे. पिशवीतला स्वेटर घाल."

त्याने माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे. तो आत जाऊन स्वेटर घालून आला आणि शर्ट आत्याच्या हातात दिला. बाईंनी कॉलर चोळून बघितली, स्वतःच्या कपड्यांचं गाठोडं उचललं आणि आमच्याकडे पाठ करून ते टाकीत सोडलं. पाणी पेरांनी मोजलं. साबण मुठीने. खाच शोधली, टायमर फिरवला, आणि स्टूल ओढून बसल्या. मशीन आपलं फिरत होतं. मधेच भाचा म्हणाला, "हिच्याकडे हे लहानपणी पण होतं. मी यात होडी सोडायचो."

"तुला मार पण पडला होता," बाई म्हणाल्या.

पाणी सोडून त्यांनी कपडे उजवीकडे टाकले. ड्रायर सुरू झाला आणि धडधड हलायला लागला. कपडे एका बाजूला गोळा झाले होते. भाचा उठला. बाईंनी जमिनीवर पाय सपाट टेकवून क्षणभर ती धडधड जोखली, टायमर मागे फिरवला, थांबल्या, झाकण उघडलं, थांबल्या, हाताने कपडे गोल पसरले आणि परत लावलं. आता भुंगा सरळ गुणगुणत होता.

मग खट्ट झालं. मोटर बंद. टकटक सुरू झाली. भाचा मशीनच्या जवळच उभा होता. त्याला वाटलं झालं. आत्याला मदत करावी म्हणून त्याने झाकणाला हात घातला आणि ते उचललंही.

"थांब," बाई म्हणाल्या. "अजून बोलतंय ते."

त्याचा हात टाकीच्या तोंडाशी थांबला. ब्रेक लागला, दोन टक झाल्या, मग आणखी एक. आत पांढरा शर्ट भिंतीला चिकटून फिरत होता आणि मग स्पष्ट दिसायला लागला. त्याने हात मागे घेतला आणि स्वेटरच्या खिशात घातला. बाई मनात मोजत होत्या, ओठ हलताना दिसत होते. मग त्या पुढे आल्या, त्याला कोपराने बाजूला केलं आणि कपडे काढायला लागल्या.

अंगणातल्या दोरीवर त्यांनीच वाळत घातले. आपले कपडे आतल्या बाजूला, शर्ट पुढे. भाचा पायरीवर बसून होता. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण कुणी जा म्हणत नव्हतं.

दुपारी जेवताना तो म्हणाला, "उन्हाळ्यापर्यंत बघू. मी रोज संध्याकाळी फोन लावेन. एक दिवस उचलला नाहीस, तर मी गाडी काढून येईन. मग तुझं काही ऐकणार नाही."

"उचलेन," बाई म्हणाल्या. "भाजी घे."

मग तो माझ्याकडे वळला. "ताई, तो जो तुकडा आहे, टकटकचा. तो झिजेल ना?"

"झिजेल. मी दर सोमवारी बघेन. लागला तर बदलेन."

"प्लीज़," तो म्हणाला, आणि ताटाकडे बघत राहिला.

संध्याकाळच्या गाडीला तो निघाला तेव्हा शर्ट अजून पुरता वाळला नव्हता. फेब्रुवारीचं ऊन अंगणात थोडाच वेळ येतं. त्याने तो तसाच घातला, वर स्वेटर घेतला. आत्याच्या पाया पडला. रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी दारात होते. बाई आतच उभ्या होत्या, दाराच्या चौकटीला धरून.

"गेला?"

"गेला."

"त्याचा चेहरा कसा होता गं?"

नीट सांगता येणं माझ्याकडे नाही, हे आधीच म्हटलंय.

"दिसला नाही, बाई. ते खाली मान घालून बटणं लावत होते."

"वरचं लावलं का?"

"नाही."

"लहानपणापासून लावत नाही," त्या म्हणाल्या. "ओला शर्ट, आणि रात्रीचा प्रवास. सर्दी होईल त्याला."

मग त्या भिंतीला हात लावत आत गेल्या. दाराजवळची भरलेली पिशवी त्यांच्या पायाला लागली. त्यांनी ती उचलली, खाटेवर ठेवली आणि एकेक लुगडं बाहेर काढायला लागल्या.